मायनं डाग दिला

सोमवार, ३ नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उघडल्या आणि आमच्या बालसंरक्षण कक्षाचा फोन सुरू झाला. पेडगावच्या शाळेतले सर बोलत होते. दुसरीतली मुलगी, श्रावणी. सारखी पाय आखडून बसते म्हणून त्यांनी पाहिलं, तर डाव्या पोटरीवर भाजल्याच्या दोन पट्ट्या. चिमट्याच्या. एक सुकलेली, एक ओली.

मी गेले. बाकावर शेजारी बसून विचारलं, कुणी केलं गं?
खाली बघत म्हणाली, "मायनं डाग दिला."
का?
"दूद उतू गेलं."
पोरगी माझ्या घड्याळाशी खेळत राहिली.

मग दवाखाना, पोलिसांना कळवणं, मुलांबाबत निर्णय देणारी आमची समिती. संध्याकाळच्या आत तिला परभणीत मुलींच्या निवासगृहात ठेवलं. पाठोपाठ आई आली, रेणुका. कापूस वेचता वेचता तशीच उठून आलेली, डोक्याला फडकं, बोटं बोंडांनी ओरबाडलेली. म्हटलं, "आईनं भाजलं असं लेकरू सांगतंय." तिनं माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. रडली नाही. 'नाही' पण म्हणाली नाही.

गप्प बसणारी माणसं मला खटकतात. निर्दोष माणूस आधी भांडतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. राग आलाय, जेवण गेलं नाही.

बुधवार, ५ नोव्हें.
गृहभेट. घर स्वच्छ, पितळ घासलेलं, दारात झेंडू. नवरा बालाजी पुण्याकडं कंपनीत, दोन-तीन महिन्यांनी येतो. दोन दीर, बिनलग्नाचे. घर चालवते सासू, सुभद्राबाई. दर शनिवारी पोखर्णीच्या नरसिंहाला जाणारी, गावात मान असलेली बाई. मला चहा, वर हातात खारीक-खोबरं.

"पोरगी माज्याच कुशीत झोपती म्याडम. दोन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा न्हाई माज्या."
भाजलं कुणी, विचारलं तर लगेच नाव घेतलं नाही. पदरानं डोळे टिपले. "आता काय सांगू. नव्या पोरींला दम न्हाई. रागाच्या भरात होऊन जातंय एखाद्या बाईकडनं."

रेणुका दाराआड उभी. विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"
"काय सांगू."
पुन्हा तेच. सासू बिचारी सुनेला पाठीशी घालतेय आणि ही खांबासारखी उभी. बाहेर पडताना सुभद्राबाईंनी माझा हात धरला, "माजी नात मला द्या, एवढंच मागनं हाय." माझेही डोळे भरले. इथं लिहिते, ऑफिसात सांगणार नाही.

शुक्रवार, ७ नोव्हें.
निवासगृहात गेले. श्रावणी दोन घास खाते आणि ताट सरकवते. अधीक्षक बाई म्हणाल्या, रोज एकच विचारते, "वैनी कधी येनार?" कुणीतरी लाडकी चुलती असावी. घरात दिसली नाही ती, शेजारची असेल. पोरं कुणालाही लळा लावतात.

'आई आठवते का' म्हटलं तर मान हलवून नाही म्हणाली. अगदी सहज. सात वर्षांच्या लेकराला आई आठवत नाही!

मत ठरलं. आजीकडं द्यावी, आईनं काही काळ वेगळं राहावं, महिन्याला माझी भेट. समितीच्या अध्यक्ष मॅडमनी एकदाच विचारलं, "खात्री आहे ना?" मी हो म्हटलं. जरा ठसक्यातच म्हटलं.

मंगळवार, ११ नोव्हें.
सकाळी ताबा दिला. सुभद्राबाई नवा फ्रॉक घेऊन आल्या होत्या. रेणुकाला यायला मनाई होती, तरी ती रस्त्यापलीकडं लिंबाखाली उभी होती. मी शिपायाला सांगून तिला तिथूनही हलवलं.

श्रावणी व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी राहिली. सुभद्राबाईंनी हात पुढं केला.
"ये गं माजी बाय. ये मायकडं."
पोरगी तिथंच ओली झाली. सगळ्या हसल्या, "आगं, शू सांगायची की!" मीही हसले. फ्रॉक बदलला. रिक्षा गेली.

संध्याकाळी. लिहिलंच पाहिजे.
जिंतूरला फोन लावला, रोजच्यासारखा. "अक्का, जेवलीस का?" म्हटलं आणि पुढचं वाक्य निघेना. अक्का. मी माझ्या आईला अक्का म्हणते! मामा-मावश्या तिला अक्का म्हणायच्या, ऐकून ऐकून मीही. आणि 'आई' म्हणायचे ते आजीला. साऱ्या आजोळाला ठाऊक आहे. लग्नात सासरच्यांनी हसून नावं ठेवली होती.

घरात दोन दीर. ते रेणुकाला काय म्हणणार? वहिनी. मग पोरगी?

वैनी कधी येणार. वैनी कधी येणार. आणि मी शेजारची चुलती शोधत बसले.

नवऱ्याला, सतीशला सांगितलं. तो म्हणाला, "अंदाज आहे हा तुझा. आत्ता जाऊन दार वाजवशील आणि पुन्हा चूक निघाली तर?" पेडगावचे सर परभणीतच राहतात, गावात ओळखीचं कुणी नाही. गेले नाही मी. घाबरले. स्वयंपाकघरातला चिमटा उचलून डब्यांमागं ठेवला.

बुधवार, १२ नोव्हें.
पहिल्या गाडीनं पेडगाव. दारातून दिसलं, अंगणात श्रावणी पाटावर बसलेली आणि सुभद्राबाई तिच्या केसांना तेल लावतायत. हळू, मायेनं. गुणगुणत. पाय बघितले, नवीन काही नाही. क्षणभर वाटलं, सगळं माझ्याच डोक्यात आहे. पोरगी मात्र मान एवढी ताठ धरून बसली होती की वेणी घालताना केसही हलत नव्हता.

रेणुका शेतात सापडली. आदेशानंतर ती शेजारणीकडं झोपत होती. कापसाचं ओझं बाजूला ठेवायलाही सांगितलं नाही, उभ्या उभ्या विचारलं.
"श्रावणी तुम्हाला काय म्हणते?"
"वैनी."
"आणि माय कोण?"
"सासूबाई."
"अहो, मग बोलला का नाहीत त्या दिवशी?"
"तुमी म्हनलात, आईनं भाजलं आसं लेकरू सांगायलंय. मला वाटलं पोरीनं माजंच नाव घेतलं. मायचं नाव घ्यायला भेली आसंल. म्हनलं घेतलं तर घेऊ द्या, तिचा घरचा मार तरी चुकंल."
"आणि मी तुरुंगात टाकलं असतं तर?"
"टाकलं आस्तं तर टाकलं आस्तं."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती मी दिली. वर चोराच्या हातात लेकरू दिलं.

तरी विचारलं, विचारावंच लागतं, तुम्ही कधी मारलं नाही? सरळ म्हणाली, "न्हाई कसं? दोन-चार चापटी मारल्यात. पर डाग न्हाई दिला म्याडम. डाग जनावराला देत्यात."

तडक अध्यक्ष मॅडमकडं. सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काल आदेश, आज उलटा? आईच्या तोंडच्या शब्दावर?" मी म्हटलं, मुलीला पुन्हा विचारू, तिच्या भाषेत. म्हणाल्या, उद्या सकाळी. आजची रात्र पोरगी त्याच घरात. म्हटलं, आज नाही का होणार? समितीचे बाकीचे सदस्य बाहेरगावी होते. सरांकडून नंबर मिळवून सरपंचबाईंना फोन करून सांगितलं, काहीतरी निमित्त काढून त्या घरी बसा. त्या बसल्या. उपकार झाले.

गुरुवार, १३ नोव्हें.
समितीच्या खोलीत श्रावणी. आजी बाहेर बाकावर, आई दुसऱ्या टोकाला. दोघींच्या मध्ये शिपाई.

काही विचारलं नाही आधी. रेणुकाच्या मोबाईलवर दिवाळीचा फोटो होता, सगळं घर ओळीनं उभं. म्हटलं, मला यातलं कुणी माहीत नाही, सांग बरं.
बोट ठेवलं, आधी दोन्ही काकांवर. "हे बापू. हे नाना. ही वैनी."
आणि ही?
"माय."
मग डाग कुणी दिला?
तिनं मोबाईल टेबलावर पालथा घातला. वरून दोन्ही हात ठेवले. आत कुणीतरी आहे आणि बाहेर येईल, असे दाबून.

अध्यक्ष मॅडम उठून खिडकीशी गेल्या.

सुभद्राबाईंना आत बोलावलं. आधी म्हणाल्या, चुलीवर पडली. मग आवाज चढला. "आमालाबी आमच्या सासूनं डाग दिले. मेलो का आमी? वळन लागलं म्हनून हा संसार हुबा राहिला." खोटं बोलत नव्हत्या. मनगटावरचा जुना डाग पुढं करून दाखवला.

मग खरा पेच. आजीचा ताबा रद्द, ते झालं. पोलिसांकडचा जबाबही बदलून दिला. पण पोरगी जाणार कुठं? निवासगृहात सुरक्षित आहे, पण खात नाही, आणि आईला भेट फक्त ठरल्या वारी. आईकडं द्यावी तर आईला परतायला तेच घर. रेणुकाचं माहेर राणीसावरगाव. आई-वडील नाहीत, एक भाऊ. मी विचारलं, घेऊन जाल?

पदराचं टोक पिळत म्हणाली, "गेले तर ते दार मला बंद म्याडम. कायमचं. मालक मायच्या शब्दाबाहेर न्हाईत. तुमी सांगा, जाऊ का?"

मी सांगू? परवापर्यंत जिला मी गुन्हेगार धरलं तिला आज म्हणू, संसार मोड? दुधानं तोंड पोळलंय, ताकही फुंकून प्यावं असं झालंय. आणि ताक फुंकत बसायला वेळ नाही. म्हटलं, "ठरवायचं तुम्ही. पण मला विचाराल तर, जा."

म्हणायला नको होतं का? आम्हाला शिकवतात, निर्णय त्यांचा, आपण फक्त वाट दाखवायची. वाट दाखवली की ढकललं, कळत नाही. अध्यक्ष मॅडमनी आदेश केला, मुलगी आईकडं, मुक्काम माहेरी. मला हळूच म्हणाल्या, "या वेळी जबाबदारी तुमची."

शुक्रवार, १४ नोव्हें.
बालदिन. सकाळी एका शाळेत मुलांच्या हक्कांवर भाषण. फुगे, चॉकलेट, टाळ्या. काय बोलले आठवत नाही.

दुपारी दोघींना घेऊन निघाले. पोखर्णीपर्यंत श्रावणी खिडकीतून बाहेर बघत होती. नंतर एकदम वटवट. ऊस का एवढा उंच, ट्रॅक्टरला आरसे किती. गोदावरीचा पूल आला तर उभीच राहिली. रेणुकाला मी पहिल्यांदा हसताना बघितलं. पोरीला कोपरानं ढोसून म्हणाली, "आता तरी मला माय म्हन की गं."
"वैनीला कुनी माय म्हनतंय व्हय!" आणि खिदळली.
रेणुकाही हसली, पण तोंड दुसरीकडं करून.

भाऊ दारात उभा होता. "राहू द्या की. बहीन हाय माजी, रस्त्यावर टाकू का?" चांगला वाटला. भावजयीनं पाण्याचा तांब्या ठेवला तो मात्र दणकन. खोल्या दोनच. मी तिला बाजूला घेऊन बोलले तर म्हणाली, "आज रागात आली, उद्या नवरा न्ह्यायला येतंय. खामखा आमची बेज्जती दोन्हीकडनं." चूक नाही तिची.

तिथल्या अंगणवाडीच्या बाईंना भेटून नंबर घेतला. रोज एकदा डोकवायचं कबूल केलंय त्यांनी. निघताना श्रावणीनं माझं घड्याळ मागितलं. दिलं. सतीश म्हणाला, असं वाटत सुटलीस तर मनगटं पुरायची नाहीत.

रविवार, १६ नोव्हें.
बालाजीचा फोन, पुण्याहून. आधी शिव्या. मग, "माज्या मायला गावात तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई तुमी. लेकराला वळन लावलं तर गुन्हा? बायकोचं कान भरून पळवून नेलं तुमी!"
मी विचारलं, पायावरचा डाग बघितलात?
"तुमच्या पाठीवर आहेत का?" हे मी का विचारलं माहीत नाही. तोंडातून गेलं.
म्हणाला, "ते येगळं." आणि ठेवला.

संध्याकाळी मेसेज आला त्याचा. सुट्टी मिळाली की दोघींना आणायला जातो. मी रेणुकाला कळवलं. ती म्हणाली, "येऊ द्या. मी बोलते त्यांच्याशी." आवाज घट्ट होता. तरी आता मला घट्ट आवाजाचीही भीती वाटते. गप्प बाईला ओळखायला चुकले, ठाम बाईला ओळखेन कशावरून?

बुधवार, १९ नोव्हें.
ऑफिसात सुभद्राबाई. एकट्या. खुर्ची दिली तर खालीच बसल्या. चहा घेतला नाही.

भांडायला आल्यात असं वाटलं होतं. भांडल्या नाहीत.
"रेणुका वल्ली बाळंतीन असताना तापानं फणफणली व्हती. चार महिने लेकरू मी सांबाळलं, बकरीच्या दुधावर. पैला बोल काढला तिनं, माय म्हनून. कुनाकडं बघून काढला? माज्याकडं. आता तिला मायचं नाव काढलं की मुतायला व्हतं म्हनं. आसं सांगायल्यात गावात."
मग माझ्याकडं बघत म्हणाल्या,
"खरं हाय का ते?"
हो म्हटलं.

बाईनं पदर तोंडाला लावला. आवाज न काढता रडल्या. मग विचारलं, "ती कुटं हाय, तेवढं सांगा. लांबून बघून येते."
सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती म्हणा, सुनेचं माहेर सासूला माहीत नसेल होय? पण माझ्या तोंडून परवानगी हवी होती तिला. मी म्हटलं, आत्ता नको. समितीचा आदेश आहे. काही महिने जाऊ द्या, मग माझ्यासमोर भेट घडवू. त्या उठल्या, पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावत गेल्या.

त्या बाईची दया आली म्हणून माझी मलाच चीड आली. आणि चीड आली म्हणून पुन्हा दया. दोन्ही खरं आहे. कुणाला सांगायचं?

शुक्रवार, २१ नोव्हें.
अंगणवाडीच्या बाईंचा फोन. पोरगी खाते, गावच्या शाळेत बसायला लागली, घड्याळ दंडावर सरकवून फिरते. रेणुका वेचणीला जाते. भावजय अजून फुगलेली. पहिल्यांदा जरा बरी झोप लागेल.

रविवार, २३ नोव्हें.
पाच वाजता सहज रेणुकाला फोन लावला. श्रावणीनं उचलला.
"काय करायलीस गं?"
"बसले."
आवाज बारीक. मागं कुणीतरी जोरानं बोलत होतं, बाई की बाप्या कळेना. भांडं पडल्याचा आवाज.
"काय झालं? घरी कोण आलंय?"
"ताई, माय रडायली."
"कोणती माय?"

फोन बंद झाला. पुन्हा लावला, स्विच ऑफ. भावाचा लागत नाही. अंगणवाडीच्या बाई लग्नाला नांदेडला गेल्यात. गंगाखेडच्या पोलिसांना सांगितलं, ते गाडी पाठवतो म्हणाले. आमचा आणि त्यांचा 'पाठवतो' मला ठाऊक आहे.

सतीशला म्हटलं, चल. या वेळी तो 'अंदाज आहे तुझा' म्हणाला नाही. खाली गाडी काढतोय, तोवर हे लिहितेय, कारण नुसतं उभं राहवत नाही.

सुभद्राबाई तिथं पोचल्या असतील, मुलाला घेऊन. मी 'आत्ता नको' म्हटलं ते त्यांनी किती मनावर घेतलं असेल? मग रडतायत त्या, आणि पोरगी पुन्हा त्यांच्यासमोर बसलीय, मान ताठ धरून.

नाहीतर बालाजी आलाय आणि रडतेय ती रेणुका. तसं असेल तर पोरीनं आज तिला पहिल्यांदा माय म्हटलं.

सतीश खालून हाका मारतोय. चष्मा सापडत नाहीये.